कोणाले ओळ पायजे, कोणाले गोल

गुरुवारी बचत गटाचे पैसे मोजून झाले, वही बंद झाली, आणि समाजमंदिरात पुन्हा तोच वाद. आज्या म्हणे गोल करा, पोट्ट्या म्हणे ओळी करा, आणि ओळीच करायच्या तर त्यातही कोणती, दिंडीची का पालटाची का जोडीची, यावर अर्धा तास गेला आणि नाचायला उरला पाऊण तास, कारण साडेनऊला लाइट जाते हे सगळ्यांनाच माहीत. मला मात्र तो अर्धा तास लय आवडला. दोन वर्षांपूर्वी याच बायांना मी म्हटलं होतं की आपण कॉन्ट्रा डान्स नाचू, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतला ओळींचा नाच, तर तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता रांग कशी लावायची यावरून भांडून राहिल्या. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू, कोणाला कोणती रचना आवडते आणि काऊन आवडते.

सुरुवातीपासून सांगते. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ मध्ये लहान बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेली होती, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, मे ते जुलै. आपल्या विदर्भात शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, पुढचे दिवस बिनपगारी रजा टाकली. बाळ सव्वा महिन्याचं झालं, शेक-मालिश, डिंकाचे लाडू सगळं मार्गी लागलं, तेव्हा आमचे जावई म्हणाले, ताई तुम्ही महिनाभर घराबाहेर पडल्या नाही, शनिवारी चला, एक गंमत दाखवतो. ग्रीनफील्ड नावाचं गाव, तिथं गाइडिंग स्टार ग्रेंज नावाचा हॉल. ग्रेंज म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची संघटना, १८६७ पासूनची, आणि गावोगावी तिचे असे हॉल. म्हणजे आपलं समाजमंदिरच, फक्त लाकडाचं. हे ऐकल्यावर मी जरा सैल झाली, म्हटलं शेतकऱ्याच्या जागेत जाऊन राहिलो, परकं काय त्यात.

आत गेलो तर लोक बाकावर बसून जोडे बदलून राहिले होते. बाहेरचे काढायचे, पिशवीतून आणलेले साफ तळव्याचे घालायचे, लाकडी जमिनीला रेती लागू नये म्हणून. पुढं मंचावर एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच, एक पियानो, आणि माइकवर नाच सांगणारी बाई, तिला कॉलर म्हणतात. नाचाचं नाव कॉन्ट्रा डान्स. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कंट्री डान्समधून आलेला, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, खेड्यांत टिकून राहिलेला. समोरासमोर दोन लांब ओळी. कॉलरनं "हँड्स फोर" म्हटलं की वाजवणाऱ्यांकडच्या टोकापासून चारचार जण हात धरत खालपर्यंत येतात, तेच त्या वेळचे चौघं. मग ती एकदा बिनसंगीताचं चालून दाखवायला लावते, कुठं वळायचं, कोणाचा हात धरायचा, आणि मग बाजा सुरू. चार-पाच फेऱ्यांनंतर ती हळूहळू बोलायची बंद होते कारण लोकांच्या पायात बसलेलं असते.

एक पांढऱ्या केसांचे आजोबा आले, हात पुढं केला, आणि मी ओळीत उभी राहिली. तिथं रीतच आहे की दर नाचाला जोडीदार बदलायचा आणि नवीन माणसाला जुन्यानं न्यायचं. दहा मिनिटं तो एक नाच चालला असेल. त्या दहा मिनिटांत त्या अख्ख्या ओळीतल्या प्रत्येकाचा हात माझ्या हातात येऊन गेला. घट्ट हात, घामेजलेला हात, म्हाताऱ्याचा कागदासारखा हात, एका बारा-तेरा वर्षांच्या पोराचा घाबरलेला हात. घरी येऊन मला झोप नाही आली. मी याच गावात चौदा वर्षं झाली नोकरी करते, बचत गटातल्या सगळ्या बाया मला नावानं माहीत, कोणाच्या पोराला कितवीत किती मार्क तेही माहीत, आणि त्यांच्यातल्या किती जणींचा हात मी हातात धरला असेन? संक्रांतीला वाण देताना बोटं लागतात तेवढंच.

ओळ पुढं कशी सरकते हे आधी समजून घ्यावं लागते, नाहीतर आवडीनिवडीचं काही कळणार नाही. चौघांत दोन जोड्या. वरच्या टोकाकडची जोडी एक नंबर, खालची दोन नंबर. गाण्याची एक फेरी संपली की एक नंबर एक घर खाली सरकते, दोन नंबर एक घर वर. मग दोघींसमोर नवीन जोडी. असं करत एक नंबरवाल्या खालीखाली जातात, दोन नंबरवाल्या वरवर, आणि टोकाला पोचलेली जोडी एक फेरी नुसती उभी राहते, तेवढ्यात बाजू बदलून घेते आणि नंबर पालटून परत ओळीत शिरते. हे मी आमच्या ओसरीवर सरकी आणि तुरीचे दाणे मांडून समजावलं, सरकी म्हणजे एक नंबर, तूर म्हणजे दोन नंबर. पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. मग एक वहिनी म्हणाली, "अवो मॅडम, डवरा धुऱ्यावर गेला का पलटवा लागते, तसंच ना हे?" तसंच. तासातून जायचं, धुऱ्यावर थांबून बैल पलटवायचे, बाजूच्या तासातून परत. त्या दिवसापासून आमच्यात टोकाला थांबलेल्या जोडीला "धुऱ्यावर हाय" म्हणतात आणि ते कोणाला समजवावं लागत नाही.

संगीताची मला सगळ्यात जास्त काळजी होती, फिडल आणायची कुठून. पण तिथल्या चाली ६४ ठोक्यांच्या असतात, १६-१६ चे चार भाग, आणि आपला केरवा आठ मात्रांचा. म्हणजे केरव्याची आठ आवर्तनं झाली की एक फेरी पूर्ण. आमच्या भजनी मंडळातला ढोलकीवाला पोरगा, त्याला हे सांगितलं तर तो म्हणे एवढंच? त्यानं दर दोन आवर्तनांनी एक छोटी उठान टाकायला सुरुवात केली, बायांना आपोआप कळते की आता पुढची कृती. तिथं एक फेरी अर्ध्या मिनिटात होते, आमची जरा आरामात होते, लुगडं नेसून तेवढ्या जोरात जमत नाही.

भूमिका दोन असतात, आधी बाई-माणूस म्हणायचे, आता तिथं बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात, दोन्ही पाखरांची नावं, लार्क डावीकडचा, रॉबिन उजवीकडची, आणि कोणीही काहीही व्हावं. आमच्याकडं नुसत्या बायाच नाचतात तर हे फारच सोयीचं झालं. सातवीतल्या पोट्ट्यांनी लगेच नाव ठेवलं, राघू आणि मैना. राघू डावीकडं, मैना उजवीकडं, मैनेच्या मनगटाला लाल रिबीन.

आता रचना. सगळ्यात जुनी ती प्रॉपर. एका ओळीत सगळे राघू, समोरच्या ओळीत सगळ्या मैना. हिला आमच्याकडं दिंडी म्हणतात, आणि ते नाव ठेवलं भजनी मंडळातल्या माणसांनी. एका रात्री ते आपले सतरंजी न्यायला आले होते, दारात उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं दिंडीच हाये." खरंच आहे. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर, मधातून मृदंग आणि वीणा, एका तालात पुढं-मागं. ज्यांनी शेगावच्या पालखीतल्या ओळी पाहिल्या आहेत त्यांना समोरासमोरच्या दोन ओळींचं अप्रूप सांगायला नको. माणसांनी त्या रात्री टाळ घेऊन आपली वेगळी ओळ केली आणि मी सांगितल्याप्रमाणे पहिली जोडी मधातून खाली गेली, पलटून वर आली, बाकीचे जागेवर टाळ धरून. त्यांना तीच आवडली आणि आजही तीच आवडते. आपली बाजू सुटत नाही, आपली माणसं आपल्या खांद्याला राहतात, समोरची पूर्ण ओळ दिसते. आमच्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, त्याही दिंडीवाल्या. "ज्या अंगाले उभी राह्यली त्याच अंगाले राह्यते, डोक्याले ताप नाई."

पण पोट्ट्यांना ती अजिबात आवडत नाही आणि त्यांची तक्रार खोटी नाही. प्रॉपरचे जुने नाच जे आहेत त्यांत एक नंबरची जोडीच सगळं काम करते. कोरस जिग म्हणून एक आहे, मी तिथं केला, त्यात एक नंबरवाले ओळीच्या बाहेरून खाली जातात, परत येतात, मधातून जातात, परत येतात, मग कोपऱ्यातल्या माणसांना हात देत देत फिरतात, आणि दोन नंबरवाल्यांच्या वाट्याला लय थोडं. तिथल्या जुन्या नाचणाऱ्यांचा यावर जीव आहे, ते म्हणतात उभं राहून दुसऱ्याचा नाच पाहणं हाही नाचच. मला पटते. पण तेरा वर्षांच्या पोरीला नाही पटत, ती म्हणते आम्ही काय पाणी भरायच्या लाइनीत उभ्या आहोत काय. नवीन रचनाकारांनी हे ओळखलं आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक नंबर आणि दोन नंबर दोघांनाही सारखं काम येईल असे नाच बांधत गेले. आता तिथं संध्याकाळभर जे नाच होतात त्यांत बहुतेक इम्प्रॉपर नाहीतर बेकेट असतात, त्या दोन्ही पुढं सांगते, प्रॉपर एखादा, आणि तीन-तीन जोड्यांचे गट करून चालणारे ट्रिपल मायनर तर क्वचितच. त्यात टोकाला जास्त थांबावं लागते.

इम्प्रॉपर म्हणजे एवढंच की प्रत्येक एक नंबर जोडीनं आपसात जागा बदलायची. राघू मैनेच्या ओळीत, मैना राघूच्या. म्हणजे प्रत्येक ओळीत राघू-मैना-राघू-मैना अशी आलटूनपालटून माळ होते. हिला आम्ही पालट म्हणतो. तुमची जोडीदारीण तुमच्यासमोर पलीकडच्या ओळीत, आणि तुमच्या खांद्याला उभी आहे ती शेजारीण, आणि शेजारीण दर फेरीला नवीन. इंग्रजीतही तिला शेजारीच म्हणतात, नेबर. माझी स्वतःची आवड विचाराल तर हीच, एकदम सरळ सांगते. कारण जोडीदारीण तर तुम्ही निवडून आणलेली असते. शेजारीण कोणी निवडत नाही, ती सरकत सरकत येते. ज्या बाईशी तुम्ही गेल्या पाच वर्षांत "स्वयंपाक झाला का" याच्या पुढं बोलल्या नाही तिच्यासोबत आठ ठोके फुगडी खेळायला लागते आणि फुगडीत ओळख-बिनओळख चालत नाही.

फुगडीचं थांबून सांगते कारण तिथंच सगळा जीव आहे. त्यांच्याकडं स्विंग असते, एक हात पाठीवर, एक हात हातात, उजवे पाय मधात जवळजवळ आणि डाव्या पायानं जमीन ढकलत गोल फिरायचं, पोरं स्कूटर ढकलतात तसं. आमच्या बायांना पाठीवर हात ठेवायची लाज, म्हणून मी म्हटलं आपली फुगडीच करा, हातांची अढी घाला, चवडे जवळ, आणि मागं रेला. जमलं, जमायलाच पाहिजे, लहानपणापासून खेळलेली. वजन मागं टाकायचं, आणि समोरचीनंही तेवढंच टाकायचं, एकीनं कमी टाकलं तर दुसरी सगळा भार ओढते आणि खांदा दुखते. डोळ्यात पाहायचं म्हणजे चक्कर येत नाही, हे तिथंही सांगतात आणि आमच्या आजीनंही हेच सांगितलं. पण अडचण वेगळीच निघाली. आपल्या फुगडीला शेवट नसतो. दम लागेपर्यंत, नाहीतर हात सुटेपर्यंत. इथं आठव्या ठोक्याला थांबायचं आणि तेही तोंड आत करून, मैना उजवीकडं, राघू डावीकडं. महिनाभर आमचं हेच चाललं. सातव्या ठोक्याला राघूनं जरा वेग कमी करून उजवा हात ढिला करायचा, मैना त्या बाजूला आपोआप उघडते, दार उघडल्यासारखी. ज्या दिवशी बारा जोड्या एका वेळी आठव्या ठोक्यावर उघडल्या आणि बांगड्यांचा आवाज एकदम थांबला, त्या दिवशी ढोलकीवाल्या पोरानं ढोलकीवरून मान वर करून पाहिलं.

बेकेटचं नाव त्याच भागातल्या बेकेट नावाच्या जागेवरून पडलं. हर्बी गॉद्रो म्हणून एक रचनाकार होते, त्यांनी १९५० च्या दशकात बांधलेल्या बेकेट रील या नाचावरून ही रचना चालू झाली. इम्प्रॉपरमध्ये चौघांनी हात धरून एक घर गोल सरकायचं की झाली बेकेट. आता जोडीदारीण तुमच्या बाजूला, आणि समोर पलीकडं दुसरी जोडी. म्हणून आमच्यात हिचं नाव जोडीची. आणि हिच्यात ओळ सरकतेही वेगळ्या पद्धतीनं, एका बाजूच्या सगळ्या जोड्या वर चालल्या तर समोरच्या बाजूच्या सगळ्या खाली, पिठाच्या गिरणीचा पट्टा कसा फिरते तसं, टोकाला जाऊन पलीकडं वळते. शिवाय हिच्या नाचांत शेवटची फुगडी बरेचदा आपल्या जोडीदारीणीसोबत येते, ते पोट्ट्यांना फार आवडते. सातवीतल्या मैत्रिणी-मैत्रिणी म्हटल्या की बेकेटच. मैत्रीण खांद्याला, जे काय चुकायचं ते दोघी मिळून चुका.

पण मला बेकेटची खरी किंमत कळली ती एका नवीन सुनेमुळं. फाल्गुनात लग्न होऊन आली, पुसदकडची, गावात नवऱ्याच्या घराशिवाय कोणाला ओळखत नाही, नणंदेचा पदर धरून आली आणि भिंतीला टेकून उभी. पालटात उभी केली असती तर नणंद समोरच्या ओळीत आणि ही अनोळखी बायांच्या मधात. मी त्या दिवशी पूर्ण वेळ बेकेटच घेतली. नणंद बाजूला, समोरून जोड्या येतात आणि जातात, हिला फक्त नणंदेकडं परत यायचं लक्षात ठेवावं लागे. तीन-चार गुरुवार असंच. श्रावणात एके दिवशी तीच म्हणाली, "मॅडम, पालट घ्या ना आज, मले त्या धोब्याच्या गल्लीतल्या ताईसोबत फुगडी खेळाची हाये, त्या बेकेटमंधी समोरून नुसत्या निघून जातात." म्हणून मी म्हणते की नवीन माणसाला काय आवडते आणि रुळलेल्याला काय आवडते हे वेगळं असते, आणि सांगणाऱ्यानं दाराकडं पाहून ठरवावं आज कोण आलं आहे.

गोलवाल्या आज्यांचंही ऐकलं पाहिजे. सिसिलियन सर्कल म्हणून रचना आहे, जोडीसमोर जोडी, पण ओळीत न लावता मोठ्या गोलात. एक जोडी घड्याळाच्या दिशेनं चालते, समोरची उलट. टोकच नाही, म्हणून धुऱ्यावर थांबणंही नाही. आज्यांच्या मनात भुलाबाई आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर दारोदार भुलाबाई बसायची, पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, मग डब्यातला खाऊ हलवून ओळखायचा. आता पोरी कमी, त्यात मोबाइल, दोन-तीन घरीच बसते. गोल म्हटला की आज्यांना ते दिवस आठवतात आणि त्यांचे पाय पोट्ट्यांपेक्षा हलके पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोलात सगळ्यांना सगळ्या दिसतात. ओळीत तुम्हाला समोरची आणि बाजूची, बस.

मग गोल का नाही घेत, तर जागा. आमचं समाजमंदिर लांब आहे, रुंद नाही, मधात दोन खांब. बारा जोड्यांचा गोल केला तर अर्ध्या बाया खांबाला घासतात. शाळेच्या मैदानात करावा तर पावसाळ्यात आपली काळी माती, पाय टाकला की चपलेला शेरभर चिकटते, फुगडी तर सोडूनच द्या. म्हणून जून ते सप्टेंबर ओळीच. कोणती रचना आवडते हे पायाखालची जमीनही ठरवते. दसऱ्यानंतर मैदान वाळते, तेव्हा गोल.

चौक, म्हणजे स्क्वेअर, चार बाजूंना चार जोड्या, तो आठ जणींच्या एका घट्ट गटाला आवडतो आणि त्यांना तो मी कधीमधी देते, पण त्यात त्या आठच जणी एकमेकींना भेटतात आणि एक चुकली की आठही चुकतात. कापूस वेचायच्या दिवसांत, जेव्हा बाया दिवसभर पात धरून थकलेल्या असतात आणि गुरुवारी जेमतेम सहा जणी येतात, तेव्हा तीन जोड्यांचा ट्रिपलेट कामाला येतो. बोस्टनचे कॉलर टेड सॅनेला, त्यांनी असे नाच खूप बांधले. सहा जणी आल्या म्हणून कोणाला परत पाठवायची पाळी येत नाही, यासाठी मी त्यांची मनापासून आभारी आहे.

आता जी गोष्ट सांगायला बसली होती ती. आमच्याकडं दोन काकू आहेत. दोघींची वावरं लागून, मधात एकच धुरा, आणि त्या धुऱ्यावरून तीन वर्षं झाली बोलणं बंद. कोणाचं चुकलं हे मी लिहिणार नाही, दोघी माझ्याच आहेत. दोघींनाही नाचाची भारी आवड. त्यातली एक काकू शाळा चौथीपर्यंत शिकलेली पण हिशोबात पक्की, गटाची वही तीच तपासते. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी बारा जोड्या ठरल्या होत्या, पालट घ्यायची होती, आणि आदल्या दिवशी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली, म्हणे ते सरकी-तुरीचे दाणे द्या बरं. मी स्वयंपाकघरात होती. बाहेर येऊन पाहते तर तिनं सहा सरकी, सहा तुरी, अशी आलटूनपालटून ओळ मांडलेली, पहिल्या सरकीला चुना लावलेला, म्हणजे ती स्वतः, आणि अकराव्या घरातल्या सरकीला हळद. हळदीची कोण ते मला विचारायची गरज नव्हती.

तिनं दोघींनाही एक नंबर ठेवलं होतं, कारण तिच्या लक्षात आलं होतं की एक नंबर एक नंबरला भेटत नाही, दोघी खालीच चाललेल्या, मधातलं अंतर तेवढंच राहते. पण हळदीची सरकी लगेच खालच्या टोकाला पोचते, एक फेरी धुऱ्यावर थांबते, आणि मग दोन नंबर होऊन वर यायला लागते. काकू एक-एक घर सरकवत होती, ओठ हलत होते. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. सातव्या फेरीला चुना सातव्या घरात आणि हळद आठव्या घरात, समोरासमोर. तिनं बोट तिथंच ठेवलं. "सातव्यानं येते ते माह्यापुढं. साच वेळा वाजवाले सांगजा त्या पोराले."

मी नंतर स्वतः मांडून पाहिलं, बरोबर होतं. आणि मी त्या पोराला सांगितलंही की सहा वाजव. तिनं एवढं डोकं लावून मागितलेली गोष्ट, मी कशी नाकारणार, आणि कोणाला जबरदस्तीनं समोरासमोर उभं करायला मी नाच नाही आणला.

पण त्या दिवशी ढोलकी रंगात आली. सहावी फेरी संपली, मी हात वर केला, पोराचे डोळे मिटलेले, त्यानं उठान घेतली आणि सातवी सुरू झाली. मी ओळीच्या टोकाला उभी होती, मला दोघी दिसत होत्या. काकूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हात पुसले, लुगड्याला दोन्ही हात, आणि अढी घातली. दुसरीनंही घातली. नजर दोघींची एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडं, पण वजन मात्र दोघींनी पूर्ण मागं टाकलं, मी पाय पाहत होती, चवडे जवळजवळ आणि अंगं एकदम रेललेली, तशी फुगडी त्या दिवशी ओळीत दुसरी नव्हती. आठव्या ठोक्याला हात उघडला, मैना उजवीकडं, एक बोट इकडचं तिकडं नाही. मग ओळ सरकली. ढोलकी अजून दोन फेऱ्या वाजली. बोलणं तेव्हा झालं नाही आणि अजूनही नाही.

यंदा कोजागिरीला मैदानात कार्यक्रम ठेवला आहे. आधी गोल, आज्यांसाठी, आणि मधात भुलाबाई बसवायची असं पोट्ट्यांनी ठरवलं. मग दूध, आणि दूध आटेपर्यंत शाळेच्या वऱ्हांड्यासमोर लांब ओळी. सोयाबीन सोंगणं चालू आहे तर किती जणी येतील सांगता येत नाही, सध्या चौदा जोड्यांची नावं आहेत. काल संध्याकाळी काकू आली होती. ओळ कोणती घेणार विचारलं, मी म्हटलं तुम्ही सांगा, पालट का बेकेट. "पालटच घ्या," म्हणाली, आणि सरकीची वाटी मागून घेतली. चौदा जोड्यांत आठव्या फेरीला येते म्हणे. किती फेऱ्या वाजवायच्या ते या वेळी तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.